आम्ही बंद केलेला माईक

नाताळ सरला, गोठ्याची मांडणी उतरली, कागदी चांदण्या पेटीत गेल्या. परंतु दोन वर्षांपूर्वीच्या नाताळच्या रात्रीची एक गोष्ट आमच्या मनातून काही उतरली नाही. ती आज वाचकांपुढे ठेवीत आहो. तीत मिरविण्याजोगे काही नाही. चूक आमचीच आहे. पण चूक धर्मगुरूची आहे एवढ्यासाठी ती झाकून ठेवावी असे थोडेच आहे? कबुलीजबाबाच्या जाळीआड बसून इतरांची पापे ऐकणाऱ्याने कधी तरी जाळीच्या दुसऱ्या बाजूसही बसावे.

आमचा धर्मग्राम बिदर व कलबुर्गी या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर आहे. येथला माणूस घरात मराठी बोलतो, कचेरीत कानडी, शेजारच्या मुसलमान बंधूशी दखनी आणि हैदराबादेहून आलेल्या पाहुण्याशी तेलुगू. रान तुरीचे, काही उसाचे, पुष्कळसे पावसाच्या मर्जीचे. खरीप घरात आले की हातांना काम उरत नाही. मग कोणी हैदराबाद धरतो, कोणी पुणे, आणि ज्यांच्याजवळ विकण्यास दोन हातांखेरीज काही नसते ती माणसे ऊसतोडीला जातात. मुकादम आधी उचल देतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. दिवाळी झाली न झाली तोच ट्रॅक्टर येऊन उभा राहतो. नाताळच्या रात्री आमच्या मंदिरात ज्या जागा रिकाम्या दिसतात, त्या बहुधा या कोयत्यांच्या असतात. त्यांची मुले आजी-आजोबांच्या कडेला बसून मिस्सा ऐकतात.

अशाच एका घरचा मुलगा पुण्यास मोटारदुरुस्तीच्या दुकानात कामाला लागला होता. त्या नाताळला तो आला तो दोन मित्रांसह. एकाच्या हाती जुनी गिटार, दुसऱ्याजवळ आवाज वाढविण्याचे उसने यंत्र, आणि आमच्या पोराच्या गळ्यात त्याच्या पणजोबांची हलगी. मिस्सानंतर पटांगणात करमणुकीचा कार्यक्रम होता. "फादर, आम्हांला दोन गाणी म्हणू द्या," असे तो म्हणाला. आम्ही आनंदाने होकार दिला. प्रभूजन्माचे एखादे गीत तो म्हणेल अशी आमची भाबडी समजूत होती.

गिटारीचा पहिला आघात झाला मात्र, पुढे बसलेल्या म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले. चाल अशी नव्हतीच. तीन-चार स्वर एकावर एक आदळत होते आणि हलगी घाईने धावत होती. पोरगा गात नव्हता, ओरडत होता. हळूहळू शब्द कानी पडू लागले. नाताळच्या रात्री आई-बाप उसाच्या फडात चंद्राच्या उजेडात मोळ्या बांधीत आहेत, आणि त्यांच्या उचलीचा हिशेब ज्याच्या खिशात आहे तो येथे पहिल्या बाकावर बसून गोठ्यातल्या बाळाला हात जोडीत आहे, असा त्या गीताचा आशय होता. पहिल्या बाकावर खरोखरच एक मुकादम बसले होते. आमच्या सभागृहाच्या पत्र्यासाठी त्यांनीच मोठी रक्कम देऊ केली होती. सगळ्या पटांगणाच्या माना तिकडे वळल्या. आम्ही माईकवाल्यास खूण केली. माईक बंद झाला. पोरगा क्षणभर तसाच ओरडत राहिला. आम्ही लगेच गायकवृंदास नाताळगीत सुरू करावयास लावले. त्याने हलगी गळ्यातून काढली, वायर गुंडाळली, आणि तो मित्रांसह अंधारात निघून गेला. पुढचा नाताळ आला, पण तो आला नाही.

उपवासकाळात त्याची आजी आमच्याकडे आली. घर आशीर्वादून घेण्याचे निमित्त होते. निघताना उंबऱ्यात थांबून तिने विचारले, "फादर, पोराला गाता येत नाही म्हणून माईक बंद केला, का त्यानं खरं म्हटलं म्हणून?"

आम्ही सेमिनरीत नऊ-दहा वर्षे तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकलो आहो. त्या दिवशी त्या निरक्षर बाईस देण्यास आम्हांपाशी उत्तर नव्हते.

उत्तर सापडेना तेव्हा आम्ही निदान त्या आरड्याओरड्याचे मूळ शोधू लागलो. आमच्याहून तरुण अशा एका धर्मगुरू मित्राने सांगितले की या संगीताला 'पंक' म्हणतात, आणि ते चुकून बेसूर झालेले नसते. ते जाणूनबुजून असेच असते. न्यूयॉर्कमध्ये १९७४ साली रामोन्स नावाची चार तरुणांची मंडळी या तऱ्हेने वाजवू लागली. १९७६ साली लंडनमध्ये सेक्स पिस्टल्स व क्लॅश या मंडळींनी त्याचा वणवा केला. तेव्हा इंग्लंडात बेकारांची संख्या दहा लाखांवर गेली होती. शाळा सोडलेल्या पोरांना काम नव्हते, आणि रेडिओवरचे संगीत इतके श्रीमंती व गुंतागुंतीचे झाले होते की ते आपले आहे असे त्यांना वाटेना. तेव्हा त्यांनी ठरविले की तीन स्वर येत असले तरी पुरे. सांगण्यासारखे काही असले पाहिजे, इतकेच. मँचेस्टरच्या बझकॉक्स या मंडळीने घरच्यांकडून व मित्रांकडून सुमारे पाचशे पौंड उसने घेतले आणि जानेवारी १९७७ मध्ये चार गाण्यांच्या एक हजार तबकड्या स्वतःच काढल्या. कोणा कंपनीच्या दारात ते उभे राहिले नाहीत. लंडनमधला मार्क पेरी हा बँकेतला साधा कारकून. त्याने टंकलेखन यंत्रावर पाने काढून या संगीताचे वार्तापत्र चालविले. पैसा नाही, परवानगी नाही, शिक्षण नाही, तरी गाणे आहे, असा तो सगळा प्रकार.

यात सारेच शुद्ध होते असे आम्ही म्हणणार नाही. शिव्यागाळी होती, दारू आणि त्याहून वाईट अमली पदार्थ होते, आणि त्यांत काही कोवळे जीव वायाही गेले. पुढे व्यापाऱ्यांनी फाटके कपडेसुद्धा महाग करून विकले. पण कचऱ्यात पडले म्हणून नाणे खोटे होत नाही. ते उचलून पाहिले पाहिजे.

या मंडळींस इंग्रजीत जो शब्द लावतात त्याचे मराठी 'भूमिगत' असे होते. आमच्या भागातल्या वृद्धांना हा शब्द परका नाही. निजामी राजवटीच्या अखेरीस, १९४७-४८ साली, रझाकारांच्या धाकाने जे कार्यकर्ते रानावनांत व सीमेपलीकडच्या छावण्यांत लपून राहिले, त्यांना भूमिगत म्हणत. एखाद्या गायकाने भूमिगत का व्हावे, हे आम्हांस प्रथम कळेना. ते आम्हांस पूर्व जर्मनीच्या इतिहासाने शिकविले, आणि तेथे आम्हांस एक मंदिरही भेटले.

त्या देशात साम्यवादी सरकार होते. लोकांपुढे वाजवावयाचे तर परीक्षकांच्या मंडळापुढे उभे राहून सरकारी परवाना मिळवावा लागे. पंक मंडळींस तो कोण देणार? सभागृहे त्यांना बंद, रस्त्यावर पोलीस. केस रंगविलेला पोरगा दिसला की चौकीत नेत. अशा वेळी ज्यांच्या भिंतीआड परवान्याविना जमता येई अशी एकच जागा देशात उरली होती, ती म्हणजे प्रार्थनामंदिरे. बर्लिनच्या समारितर मंदिराचे प्रॉटेस्टंट पाळक राइनर एप्पेलमान यांनी १९७९ च्या जूनपासून ब्लूज संगीताच्या उपासना सुरू केल्या, त्या १९८६ पर्यंत चालल्या. पुढे काही पाळकांनी पंक पोरांसही आपल्या तळघरांत व सभागृहांत जागा दिली. ज्यांनी बायबल कधी उघडले नव्हते ती पोरे वेदीच्या सावलीत गाऊ लागली. ही पोरे दिवसा कारखान्यात वा कबरस्तानात मिळेल ते काम करीत, रात्री गात. तेथे एका मंडळीचे नाव होते 'नामेनलोस', म्हणजे निनावी. १९८३ साली गुप्त पोलिसांचा मुख्य एरिश मील्के याने या पोरांविरुद्ध कठोर होण्याचा हुकूम दिला. त्या ऑगस्टमध्ये 'नामेनलोस'ची मुले-मुली पकडली गेली. गुप्त पोलिसांवर गाणे केले म्हणून त्यांची गायिका याना श्लोसर हिला दीड वर्षाची शिक्षा झाली. त्याहून क्लेशकारक गोष्ट अशी की पुष्कळदा घात करणारे घरातलेच निघाले. साशा अँडरसन हा त्या वर्तुळातला नावाजलेला कवी आणि गायक. तो गुप्त पोलिसांचा खबऱ्या होता असे १९९१ साली उघडकीस आले.

हे वाचताना आम्ही थांबलो. परक्या देशातल्या पाळकांनी सरकारचा रोष पत्करून, केस रंगविलेल्या अनोळखी पोरांस आपले दार उघडले. आम्ही मात्र ज्या पोरास स्वतः पहिला ख्रिस्तप्रसाद दिला होता, त्याचा माईक एका मुकादमाचा चेहरा पाहून बंद केला.

परंतु वाचक म्हणतील, ही परदेशची कथा. आपल्या मराठी मुलखाचे काय? मराठी मुलखात ही वस्तू पूर्वीपासून आहे. तिचे नाव शाहिरी. गिटारीऐवजी डफ, तुणतुणे व हलगी, एवढाच फरक. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक काढले. गिरणीच्या दारात व चाळींच्या चौकांत ते गात. अण्णाभाऊंच्या पोवाड्यांना हजारोंनी माणसे जमत, आणि त्यांचे बिऱ्हाड मात्र घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत होते. १८ जुलै १९६९ रोजी ते वारले ते गरिबीतच. लोक ज्याचे गाणे डोक्यावर घेतात, त्याची चूल पेटली की नाही हे पाहण्यास कोणी जात नाही.

त्या घाटकोपरच्याच संदर्भात आम्हांस विलास घोगरे यांची हकीकत समजली, आणि तिने आमची झोप घेतली. घोगरे हे मुलुंडच्या झोपडपट्टीत राहणारे दलित शाहीर. 'आव्हान नाट्य मंच' या पथकातून ते गात. मुंबईत पदपथांवरच्या व झोपड्यांतल्या माणसांना हुसकावून लावण्याचे काम चालू असता आनंद पटवर्धन यांनी 'हमारा शहर' हा बोलपट १९८५ साली काढला. त्यात घोगरे गाताना दिसतात. पुढे त्यांच्याच पथकाने त्यांना शिस्तीच्या नावाखाली दूर केले. गाणे हेच ज्याचे घर होते, तो माणूस घराबाहेर पडला.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचे सकाळी दिसले. लोक रस्त्यावर आले. राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दहा माणसे मेली. घोगरे ती वस्ती पाहून आले. चार दिवसांनी, १५ जुलैला, आपल्या खोलीत त्यांनी स्वतःचे जीवन संपविले. त्यांच्या मस्तकास निळे फडके बांधलेले होते. आयुष्यभर लाल झेंड्याखाली गायिलेल्या शाहिराने अखेरच्या घटकेला निळा रंग का बांधला, त्याच्या मनात कोणते एकटेपण होते, या प्रश्नापासून पटवर्धनांनी नवा बोलपट सुरू केला आणि तो पुरा होण्यास चौदा वर्षे लागली. 'जय भीम कॉम्रेड' हा तो बोलपट २०११ साली पुढे आला. तीन तासांहून मोठा तो बोलपट आम्ही एका रात्री बसून पाहिला. त्यात जुने सहकारी त्यांची आठवण काढतात. पण त्यांना ऐकणारा तेव्हा उरलेला नव्हता. त्या गोळीबाराबद्दल पोलीस अधिकारी मनोहर कदम यांस खालच्या न्यायालयाने २००९ साली जन्मठेपेची शिक्षा दिली, नंतर उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. ते न्यायालयाचे काम. आमच्या डोळ्यांपुढे राहिली ती मुलुंडची खोली. शत्रूच्या गोळीला तोंड देण्यास गायक कचरत नाही. आपल्याच माणसांनी लावून घेतलेले दार त्याला सोसत नाही.

अशा मृत्यूविषयी आमच्या गावांत अजून कठोर बोलले जाते. म्हणून सांगतो की पवित्र सभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाने १९९२ साली स्पष्ट केले आहे की अशा माणसांच्या तारणाविषयी निराश होऊ नये. त्यांना पश्चात्तापाची संधी देण्याचे मार्ग परमेश्वरालाच ठाऊक आहेत, आणि पवित्र सभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते. तसेच, ज्या कोणाच्या मनात असा अंधार दाटत असेल त्याने तो एकट्याने सोसू नये. रात्री कितीही वाजले असोत, आमच्या दाराची कडी वाजवावी.

खरोखर भूमिगत झालेले गायकही आमच्या आसपासच झाले. मेदक जिल्ह्यातले तूप्रान हे गद्दर यांचे गाव. खरे नाव गुम्मडी विठ्ठल राव. खांद्यावर घोंगडी टाकून ते तेलुगूत गात आणि सारे रान गोळा होई. १९८५ ते १९९० ही वर्षे त्यांनी अज्ञातवासात काढली. ६ एप्रिल १९९७ रोजी, म्हणजे घोगरे गेले त्याच वर्षी, त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या, तरी ते वाचले. पुढे सशस्त्र मार्ग सोडून त्यांनी २०१८ साली प्रथमच मतदान केले आणि ६ ऑगस्ट २०२३ रोजी ते निवर्तले. पुण्याच्या कबीर कला मंचाच्या शीतल साठे या नक्षलवादी संबंधांच्या आरोपामुळे पतीसह अज्ञातवासात गेल्या होत्या. २ एप्रिल २०१३ रोजी गरोदर अवस्थेत त्या मुंबईस विधान भवनासमोर प्रकट झाल्या आणि त्याच जूनमध्ये उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. बंदुकीचा मार्ग आम्हांस कधीच मान्य नाही व होणार नाही. पण त्याचमुळे आम्ही विचारतो: गाण्याला गावात जागा दिली नाही तर ते रानात जाईल, नाही तर कोठे जाईल? गाण्याची जागा बंद करणारा माणूस बंदुकीची जागा रिकामी करून ठेवतो, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

एका सकाळी मिस्साच्या वाचनांत आमोस संदेष्ट्याचा सातवा अध्याय आला. तो आम्ही शेकडो वेळा वाचला असेल. आमोस हा गुरे राखणारा, उंबराच्या झाडांची निगा करणारा खेडूत. बेथेलच्या मंदिरात येऊन गरिबांस तुडविणाऱ्या श्रीमंतांविरुद्ध त्याने आवाज उठविला. तेव्हा तेथला याजक अमस्या त्यास म्हणतो की तू आपल्या देशी निघून जा, तेथे काय सांगावयाचे ते सांग. हे राजाचे मंदिर आहे. आजवर ते वाचताना आम्ही मनाने नेहमी आमोसाच्या बाजूला उभे असू. त्या दिवशी प्रथमच ध्यानात आले की त्या कथेत एक धर्मगुरू आहे, आणि तो आमोस नव्हे.

आजीच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस तेथे मिळाले. पोराला गाता येत नव्हते हे खरे. पण माईक आम्ही त्यासाठी बंद केला नव्हता.

आणि आवाजाचे म्हणाल, तर ज्याला आज गोंगाट म्हणावे त्याचे उद्या काय होईल हे आमच्या मातीने तरी विसरू नये. येथून जवळच बसवकल्याण आहे. बाराव्या शतकात तेथे बसवेश्वरांभोवती चांभार, बुरूड, नावाडी, धोबी जमले आणि पंडितांच्या संस्कृतास बाजूस ठेवून बाजारच्या कानडीत वचने बोलू लागले. परंपरा सांगते की चांभार हरळय्या व ब्राह्मण मधुवरस यांनी आपल्या मुलामुलीचा विवाह जुळविला म्हणून दोघांस देहान्त शिक्षा झाली. कल्याणात रक्त सांडले, आणि शरण मंडळी वचनांची ताडपत्रे उराशी धरून उळवीच्या अरण्याकडे निघून गेली. ती गाणीही भूमिगतच झाली म्हणावयाची. मठांत व घरांत शेकडो वर्षे जपलेली ती ताडपत्रे फ. गु. हळकट्टी यांनी दारोदार फिरून गोळा केली व १९२३ साली त्यांचा पहिला मोठा संग्रह छापला. आज तीच वचने सरकारी कचेऱ्यांच्या भिंतींवर रंगविलेली आहेत.

आमच्या ख्रिस्ती घरांतली हलगीही अशीच. म्हातारी माणसे सांगतात की वाडवडिलांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा हलगी माळ्यावर गेली. ती हीन कामाची खूण, देवळात शोभत नाही, अशी समजूत होती. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेवरील आपल्या पहिल्याच दस्तऐवजात सांगितले की लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य मान व जागा द्यावी. त्यानंतर ढोलकी आणि टाळ मंदिरात आले. आज त्यांच्याविना आमचा सण होत नाही. पण हलगी मात्र माळ्यावरच राहिली होती. ती खाली काढली या पोराने, आणि आम्ही तिला पुन्हा अंधारात पाठविले.

गेल्या पावसाळ्यात एका बैठकीसाठी पुण्यास जाण्याचा योग आला. आम्ही पत्ता शोधीत त्या पोराकडे गेलो. दिवसभर मोटारीखाली निजून काम, हातांच्या रेषांत काळे तेल. रात्री नऊला भंगाराच्या एका गोदामाचे शटर खाली ओढले जाते, तेव्हा मालकाच्या परवानगीने तेथे ही चार पोरे वाजवितात. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या टांगल्या आहेत. गिटारीची एक तार तुटली की पगाराच्या तारखेपर्यंत पाच तारांवर भागवावे लागते. गाणे फोनवर ध्वनिमुद्रित करून मित्रांत वाटतात. पैसा कोणी देत नाही. पन्नास माणसे ऐकावयास आली तर तो त्यांचा सण. घरमालकाला ते गातात हे ठाऊक नाही, दुकानमालकाला ते ठाऊक होऊ द्यावयाचे नाही, आणि गावात तर आम्हीच ते गाणे संपविलेले. अशा रीतीने ही पोरे जगतात. तेथे आम्ही तेलाच्या डब्यावर बसून दीड तास ऐकले.

नंतर आम्ही त्याची क्षमा मागितली. तो पायांकडे पाहत म्हणाला, "फादर, माईक बंद केलात त्याचा राग नाही. लगेच दुसरं गाणं सुरू केलंत, जणू आम्ही काही बोललोच नव्हतो, त्याचा राग आला."

आम्ही त्यास पास्काच्या आठवड्यात गावी बोलाविले. पॅरिश कौन्सिलमध्ये वादळ उठले. एका ज्येष्ठांनी विचारले, उद्या दुसऱ्या कोणाविरुद्ध गाणे झाले तर? आम्ही म्हटले, तर तोही ऐकेल, आणि आमच्याविरुद्ध झाले तर आम्हीही ऐकू. शेवटी तीन अटी ठरल्या: शिवी नको, कोणाचे नाव नको, रात्री दहाला बंद. पोराने तिन्ही मान्य केल्या. परंतु 'पहिला बाक' हे दोन शब्द काढावयास तो तयार झाला नाही. ते तसेच राहू दिले. बाकावर कोणी बसावे हे ज्याचे त्याने ठरवावे.

त्या रात्री सभागृहात साठ-सत्तर माणसे आली असतील. निम्मी कुतूहलाने आली होती. ऊसतोड संपवून नुकतेच परतलेले त्याचे आईबाप मागच्या भिंतीशी उभे होते. त्यांच्या पोराने ते गाणे प्रथमच त्यांच्यासमोर म्हटले. आई शेवटपर्यंत डोक्यावरचा पदर दातांत धरून उभी होती. मुकादम दारापर्यंत आले, थोडे ऐकले आणि परत गेले. ते अजून आमच्याशी बोलत नाहीत. पत्र्यासाठी देऊ केलेली रक्कमही आली नाही. यंदाच्या पावसात सभागृहात तीन ठिकाणी बादल्या ठेवाव्या लागल्या.

परंतु त्या गाण्यानंतर दुसऱ्याच दिवशी चार जोडपी आमच्याकडे आली. उचल किती घेतली, फेड किती झाली, हे त्यांपैकी एकालाही नीट सांगता येईना. कागद कोणापाशी नव्हता. आता हंगामापूर्वी आम्ही प्रत्येक कोयत्याचा हिशेब एका वहीत लिहून ठेवतो, त्यावर दोन्ही बाजूंचे अंगठे घेतो आणि नक्कल घरी देतो. दोन मुकादमांनी वहीत सही केली आहे. तिसऱ्याने अजून केलेली नाही. काम एवढेसेच आहे, पण ते कोणत्याही प्रवचनाने सुरू झाले नव्हते. आम्ही उचलीच्या अन्यायावर एकदा का होईना, प्रवचन केले होते. ते गोड भाषेत होते आणि सर्वांस आवडले होते.

वाचकहो, ते संगीत आम्हांस आवडू लागले असे खोटे कशाला सांगावे? आमचे कान जुन्या वळणाचे आहेत आणि त्या रात्रीनंतर दोन दिवस ते गुणगुणत होते. तुमच्याही घरी असे एखादे पोर असेल. केस वाढविलेले, रात्री-अपरात्री कोठे तरी जाणारे, कानाला न सोसणारे काही तरी ओरडणारे. त्यास दटावण्याआधी एकदा शब्द ऐका. चुकीचे असतील तर समोर बसवून चूक सांगा. खरे असतील तर आपण कोणत्या बाकावर बसलो आहो ते पाहा.

यंदाच्या नाताळला तो आला होता. पटांगणात त्याची पाळी आली तेव्हा माईकवाल्याने सवयीने आमच्याकडे पाहिले. आम्ही हात मांडीवरच ठेवले.